टिटवीची घंटा आणि कोल्ह्याच्या चांदण्या

एका माळावरच्या तळ्याकाठी, उघड्या मुरुमावर, एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच असेल! पान हललं तरी संशय, ढग सरकला तरी संशय. दिवसभर तिचा एकच ओरडा, "कोण आहे? कोण आहे?" शेजारचे पक्षी वैतागून म्हणत, "हिचा आपल्या सावलीवरही भरवसा नाही बाई!" पण तिची बाजूही ऐकून घ्यायला हवी. ती अंडी घालते ती जमिनीवर, चार खडे मांडून. गेल्या वर्षी तिची चारही अंडी कुणीतरी फस्त केली होती आणि ते दुःख अजून तिच्या मनातून गेलं नव्हतं.

तळ्याजवळच्या पडक्या चौकीत पक्षी मोजणारी माणसं एक संगणक सोडून गेली होती. सोबत काही घंटा होत्या आणि वाटेवर पुरायच्या फळ्या होत्या. संगणकात नीट आज्ञा लिहिली, की फळीवर पाय पडताच घंटा वाजायची. घरट्याच्या राखणीला याहून चांगलं काय असणार? पण आज्ञा लिहायची कशी, तेच कुणाला येत नव्हतं.

तेव्हा कोल्हा पुढे आला. त्याने चौकीच्या दारावर पाटी लावली, 'खेळता खेळता प्रोग्रॅमिंग शिका. अगदी फुकट!' त्याने संगणकात धडेही भरून ठेवले होते. पक्ष्याने चोचीने दोन शब्द लिहिले की पडद्यावर चांदणी चमके आणि अक्षरं उमटत, 'शाब्बास! हुशार आहेस!' बारा चांदण्या झाल्या की कोल्हा म्हणे, "झाली तुझी घंटा तयार. आता निर्धास्तपणे चरायला जा."

पाणकोंबडीला आठ दिवसांत बारा चांदण्या मिळाल्या. ती मान ताठ करून गावभर सांगत फिरली, आणि एका सकाळी घरटं घंटेवर सोपवून लांबच्या शेवाळात गेली. परत येऊन बघते तर घरट्यात नुसती टरफलं! ती धाय मोकलून रडली. कोल्हा हळहळत म्हणाला, "घंटा वाजलीच असणार, बाई. तुझंच लक्ष नसेल." बिचारीला तेही पटलं. ती स्वतःलाच दोष देत बसली.

टिटवीला मात्र ते पटेना. 'घंटा वाजली असती तर मी ऐकली नसती का? माझे कान काय गहाण पडलेत?' तिच्या मनात पाल चुकचुकली. अंडी घालायला तिला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. तीही शिकवणीला जाऊ लागली. पहिल्या दिवशी चांदणी, दुसऱ्या दिवशी चांदणी, तिसऱ्या दिवशीही चांदणीच! 'मी एवढी हुशार कधी झाले?' तिला स्वतःचाच संशय आला. चौथ्या दिवशी कोल्हा बाहेर नव्या पक्ष्यांशी गोड बोलत होता, तेवढ्यात तिने मुद्दाम काहीबाही लिहिलं, 'ढम ढम चिंचेचा पाला.'

पडद्यावर चांदणी चमकली. 'शाब्बास! हुशार आहेस!'

"अगं बाई!" टिटवी पुटपुटली. "चिंचेच्या पाल्यालाही शाब्बास!"

"दुसरं काय म्हणणार तो संगणक?" मोरीच्या बिळातून खरखरीत आवाज आला. "कोल्ह्याने त्याला तेवढं एकच वाक्य शिकवलंय."

तो एक म्हातारा खेकडा होता. माणसं इथे काम करत तेव्हा त्याने बिळातून सगळं पाहून ठेवलं होतं. तो म्हणाला, "दुपारी कोल्हा लांब माळापलीकडे झोपायला जातो, तेव्हा ये. मी शिकवीन."

टिटवीने लगेच मान वाकडी केली. "तुम्ही का शिकवणार? तुमचा काय फायदा?"

"तो कोल्हा मलाही खायला टपलाय. तो टळला तर मला घटकाभर उन्हात बसता येईल."

हे कारण टिटवीला बरं वाटलं, कारण त्यात गोडवा नव्हता. तरी तिने खेकड्याचीही परीक्षा घेतलीच. एक चुकीची आज्ञा लिहून ती ठसक्यात म्हणाली, "बघा, किती छान जमली!" खेकडा म्हणाला, "चूक." मग तिने एक बरोबर आज्ञा लिहिली आणि तोंड पाडून म्हणाली, "ही चुकली वाटतं." खेकडा म्हणाला, "बरोबर आहे. उगीच नाटकं करू नकोस." तेव्हा कुठे टिटवीचा जीव भांड्यात पडला.

खेकड्याची शिकवणी म्हणजे डोक्याला ताप! तो स्वतः एक अक्षर लिहून देत नसे. टिटवीने लिहिलं, 'फळी हलली तर घंटा वाजव.' खेकडा म्हणाला, "जा, वाजवून बघ." तिने फळीवर पाय ठेवला. घंटा वाजली! टिटवी आनंदाने ओरडत उडाली. पण थोड्याच वेळात फळीवर पान पडलं, घंटा वाजली. वारा आला, घंटा वाजली. दुपारभर ठणाणा चालू राहिला, आणि शेजारी भांडायला आले.

"आता सांगून टाका ना, काय चुकलं!" टिटवी रडकुंडीला आली. "माझे दिवस भरत आलेत हो!"

"पान पडलं आणि कोल्हा आला, यात फरक काय?" खेकड्याने विचारलं आणि तो बिळात शिरला.

टिटवीला संताप आला. 'कसला मेला मास्तर, उत्तर माहीत असून सांगत नाही!' ती तरातरा निघून गेली. पण रात्रभर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली आणि तिने लिहिलं, 'फळीवरचं वजन माझ्या वजनाहून जास्त असेल तर घंटा वाजव.' मग ती कामाला लागली. पान टाकून पाहिलं, स्वतः उभी राहून पाहिलं. घंटा गप्प. तिने एक जड दगड फळीवर ढकलला, आणि घंटा खणखणली. खेकडा म्हणाला, "हं." त्याच्याकडून शाब्बासकी मिळाली ती एवढीच.

कोल्ह्याला संशय येऊ नये म्हणून टिटवीने त्याच्याकडच्या बारा चांदण्याही पुऱ्या केल्या, आणि मग चार अंडी घातली. एका सकाळी तिला फार तहान लागली, म्हणून ती पाण्यावर गेली. ती चोच बुडवते न बुडवते तोच घंटा खणखणली! टिटवी बाणासारखी परतली, तिच्या ओरडण्याने तळ्यावरचे सगळे पक्षी धावले. पाहतात तर फळीवर कोल्हा, घरट्यापासून दोन पावलांवर!

"मी... मी तुझी घंटा तपासायला आलो होतो," कोल्हा म्हणाला. पण पक्ष्यांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. चोचींचा असा मारा झाला, की तो शेपूट घालून माळापलीकडे पळाला तो पुन्हा फिरकला नाही.

टिटवीने अंडी मोजली. एक, दोन, तीन, चार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणकोंबडी शेजारी उभी होती. त्या घंटेकडे पाहत ती हळूच म्हणाली, "माझी का गं वाजली नाही? मला तर बाराच्या बारा चांदण्या मिळाल्या होत्या."

टिटवीने तिला पंखाखाली घेतलं आणि ती म्हणाली, "बाई गं, तू ती एकदाही वाजवून पाहिली नाहीस."

तात्पर्य : ज्या गुरूला आपल्यात कधी चूक दिसतच नाही, त्याच्यापुढे एकदा मुद्दाम चुकून पाहावे, आणि शिकलेली विद्या शाब्बासकीवर नव्हे, कामावर पारखून घ्यावी.