आठव्याचा पाळणा

तळ्याच्या मधोमध एक टेकडी होती आणि त्या टेकडीवर सशांची वस्ती नांदत होती. चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे कोल्ह्याची भीती नाही की शिकाऱ्याची नाही. एके काळी तिथे गवत इतकं दाट होतं, की मोठा ससा आत बसला तर त्याचे नुसते कान दिसायचे. पण मुलांनो, मी सांगते ती गोष्ट त्यानंतरची आहे. बसलेल्या सशाच्या पायाची नखंसुद्धा लांबून दिसायला लागली होती, तेव्हाची.

असं का झालं, ते आधी ऐका. टेकडीच्या माथ्यावर एक शिळा होती. वस्तीच्या पहिल्या आजीने ती आपल्या दातांनी कोरली, असं सगळे म्हणत. शिळेचा वरचा भाग तेवढा उघडा, बाकीची मातीत आणि गवतात गाडलेली. उघड्या भागावर एकच शब्द होता, ‘आठवा’. अख्ख्या वस्तीत तो वाचू शकणारा एकटा म्हातारबा ससा. त्याला त्याच्या बापाने शिकवलं, बापाला आज्याने. आणि त्या सगळ्यांनी मिळून अर्थ लावला होता, की प्रत्येक घरात आठवा हवा. आठवा म्हणजे आठवं पिल्लू. त्यातही ‘आठवी’ लिहिलेलं नाही म्हणून काही घरं मुली मोजतच नसत, आणि मग त्या घरांत दहा-दहा, बारा-बारा पिल्लं होत. (खऱ्या सशिणीला एका वेळी चार-पाच होतात हे मलाही माहीत आहे. या टेकडीवर एका वेळी एकच व्हायचं असं धरून चला, म्हणजे मोजायला सोपं जाईल.)

आठवा झाला की त्या सशिणीला शिळेपाशी बसवून ओवाळायचे आणि त्या दिवसापासून तिला ‘पुरी’ म्हणायचे. सातावर थांबली ती ‘अपुरी’. अपुरीने पाणवठ्यावर सगळ्यांच्या मागून पाणी प्यायचं. अशाने टेकडी भरत गेली. बिळांना बिळं लागली. गवताचं पातं वर आलं की चार तोंडं त्याच्यावर पडायची. गवत संपलं तेव्हा पिल्लं बोरीच्या साली सोलून खायला लागली, तशा बोरी वाळल्या. बोरी वाळल्या तशी माती सुटली, उतारावरून घसरून तळ्यात जायला लागली. तळ्याचं पाणी तांबडं झालं. पण पाणी तांबडं का झालं, हे कोणी विचारलं नाही. आठवा कोणाकडे झाला, एवढंच विचारत.

मधल्या उतारावरच्या बिळात एक सशीण राहायची. सात पिल्लांची आई. सातव्या खेपेला ती इतकी खंगली होती, की उभी राहिली की मागचे पाय लटपटायचे. धाकट्या दोघांना पुरेल एवढं दूधही तिला येत नव्हतं. तिची सासू वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. नातींना जवळ घेऊन निजायची, मुलीही मोजायची. पण शेजारणीच्या तोंडाला फार भ्यायची.

एक दिवस शेजारीण बिळाच्या तोंडाशी येऊन बसलीच. “काय म्हणते सूनबाई? सातावरच घोडं अडलंय का?”

“यंदा बांधतोय ना पाळणा,” सासू म्हणाली.

“बांधा बाई. माझ्या सुनेचा नववा रांगायला लागला. मला काय करायचंय म्हणा, लोक विचारतात म्हणून आले.”

पाळणा बांधायचा म्हणजे बिळापुढे हिरव्या वेलीचा झोका टांगायचा. तो टांगला की वस्तीला कळायचं, या घरी आता आठवा येणार. एकदा टांगलेला पाळणा रिकामा उतरवायची रीत नव्हती. शेजारीण उठायच्या आत सासूने पाच दिवसांनंतरचा दिवस ठरवूनसुद्धा टाकला.

सुनेने हे सगळं आतून ऐकलं. ती उठून पाण्याकडे गेली, कारण तिथे तिची मैत्रीण होती. ही मैत्रीण म्हणजे टिटवी. पलीकडच्या काठावर माणसांची शाळा होती, तिच्या आवारात टिटवी लहानाची मोठी झालेली. खिडकीखाली बसून बसून तिला बाराखडी पाठ. गेल्या हिवाळ्यात पिल्लं दुपारची निजली, की सशीण काठावर यायची आणि टिटवी ओल्या चिखलात चोचीने अक्षरं काढून तिला शिकवायची.

अक्षर शिकलेल्या सशिणीचे कान आखूड होतात, अशी वस्तीत समजूत होती. सुनेचं शिकणं कळल्यावर सासूने रोज सकाळी पंजाने तिचे कान मोजायला सुरुवात केली. महिना झाला, दोन महिने झाले, कान होते तेवढेच. “मूळचेच लांब आहेत, म्हणून वेळ लागत असेल,” असं म्हणून सासूने शेवटी मोजायचं सोडून दिलं.

तर त्या दिवशी सशीण टिटवीपाशी जाऊन बसली. टिटवी खड्यांमधल्या आपल्या अंड्यांवर बसली होती.

“तुझी चारच का गं?” सशिणीने विचारलं.

“चारच मावतात माझ्या अंगाखाली. पाचवं बाहेर राहील आणि गारठून जाईल. मग घालू कशाला?”

“तुला कोणी बोलत नाही?”

“बोलायला येतात. मी ओरडायला लागते. माझ्या ओरडण्यापुढे कोण थांबतंय?”

सशिणीला हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. तिथून ती खारीकडे गेली. खार म्हणजे टेकडीवरची वैद्यीण. तिने सशिणीचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि म्हणाली, “हे बघ बाई, मला गोड बोलता येत नाही. आता आठवं झालं तर तू वाचत नाहीस. आणि तू गेलीस की तुझी धाकटी दोघं आठवडाभरसुद्धा काढायची नाहीत.”

“मग मी काय करू?”

“पाळणा लांबव, नाहीतर कायमचा थांबव. त्याचा पाला आहे माझ्याकडे. जीव तुझा आहे, ठरव तूच. पण नवऱ्याला सांगून ये, म्हणजे घरात तुझ्या बाजूने बोलायला कोणीतरी असेल.”

नवरा भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “मला सात पुष्कळ आहेत,” तो म्हणाला. “तू गेलीस तर ही सातही माझ्याच्याने सांभाळवणार नाहीत. पण आईला काय सांगू? शिळेवर कोरलंय गं. आजीच्या शब्दापुढे माझा शब्द केवढासा.”

पाळण्याला दोन दिवस उरले. सासूने कुठूनशी शोधून, पाण्याच्या कडेची एक हिरवी वेल आणून ठेवली होती. बिळात तेवढंच हिरवं, आणि त्याला तोंड लावायचं नाही. धाकट्या दोघांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यातलं सगळ्यात लहान, सातवं, ती मुलगी होती. रडायचीही थांबली होती ती.

सशीण उठली आणि टेकडीच्या माथ्यावर गेली. शिळेभोवतीच्या गवताला कोणी तोंड लावत नसे, तिथे देवाचं म्हणून चार काड्या राहिल्या होत्या. तिने मनातल्या मनात आजीची माफी मागितली आणि मुळांसाठी उकरायला लागली. मुळं दगडाला घट्ट वेढून बसली होती. ती ओढावी तशी माती ढासळत होती. दोन मुळं काढली, तिसरं ओढलं, आणि मातीखालून दगडावर एक अक्षर दिसलं. ‘ग’. तिने पंजाने माती सारली. ‘व’. मग ‘त’.

टिटवीने चिखलात काढून दाखवलेला पहिला शब्दच ‘गवत’ होता. सशिणीने मुळं तिथेच टाकली आणि शिळेची माती भराभरा उकरली. वरपासून खालपर्यंत सगळी शिळा उघडी झाली, तेव्हा ती एकच ओळ तीन तुकड्यांत कोरलेली होती :

आठवा,
पाळणा बांधण्याआधी,
गवत किती उरलं आहे ते.

कळलं ना, मुलांनो? आजीने पिल्लं मोजायला सांगितलीच नव्हती. तिने आठवण ठेवायला सांगितलं होतं. तिने बिचारीने बहुधा एखादा उपासमारीचा काळ पाहिला असेल, पुढच्यांवर तो येऊ नये म्हणून दात झिजवून एवढं कोरलं. आणि पुढच्यांनी पहिला शब्द वाचून घरची वाट धरली.

सशिणीने मुळं पिल्लांना नेऊन दिली आणि मग सगळ्या वस्तीला माथ्यावर बोलावलं. सगळे आले. अपुरीने बोलावलं म्हणून बघायला आले म्हणा, पण आले. तिने मोठ्याने तिन्ही तुकडे वाचून दाखवले.

मग म्हातारबा पुढे झाला. “हे मागाहून कोणीतरी कोरलेलं दिसतंय.”

“मातीखाली जाऊन कोण कोरेल, आजोबा? मुळं दगडाला वेढून होती. अजून त्यांचे वण आहेत, बघा.”

“तुझ्या वाचण्यात चूक असेल. दोन दिवस चिखलात रेघोट्या मारल्या म्हणजे वाचता येतं असं नाही.”

“मग तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो.”

म्हातारबा शिळेजवळ गेला. ‘आठवा’ त्याने ठणकावून म्हटलं. पुढच्या तुकड्यावर नाक नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. मग त्याचे कान हळूहळू खाली आले.

“मला तीनच अक्षरं येतात, पोरी,” तो म्हणाला. “बापाने तीनच शिकवली. त्यालाही तेवढीच येत असणार.”

“म्हणजे आमच्या सुनेचा नववा फुकटच?” शेजारीण म्हणाली. दोघं-तिघं हसले. तिची सून हसली नाही. ती शिळेकडे बघत उभी होती.

तेवढ्यात सासू गर्दीतून पुढे आली. तिने सुनेला विचारलं, “यातलं गवत कुठलं?” सुनेने तिचा पंजा धरून त्या तीन अक्षरांवर ठेवला. सासूने तो तिथून काढलाच नाही.

“माझा आठवा तीन दिवस जगला,” ती म्हणाली. “मला दूधच आलं नाही. सगळे म्हणाले, हिच्यातच खोट आहे. मीही तसंच धरून चालले, इतकी वर्षं.” तिने अक्षरांवरून पंजा फिरवला. “त्या साली गवतच नव्हतं गं. आणि आम्ही पाळणा बांधला.”

जवळजवळ प्रत्येक घरातलं एखादं पिल्लू तसंच गेलं होतं.

सासू वळली आणि सरळ आपल्या बिळाकडे चालू लागली. सून मागोमाग गेली. बिळात शिरून सासूने झोक्यासाठी आणलेली वेल बाहेर ओढली, दाताने तुकडे केले आणि धाकट्या दोघांपुढे टाकले. “खा,” ती म्हणाली. सुनेला म्हणाली, “आणि तू खारीकडे जा. मी बसते यांच्यापाशी.”

शेजारीण बाहेर होतीच. “अहो, मग पाळणा?”

“नाही बांधत,” सासू म्हणाली. “लोकांनी विचारलं तर माझं नाव सांगा.”

त्यानंतर सगळं एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. काही घरांनी दुसऱ्या वर्षीसुद्धा पाळणे टांगले. पण खारीच्या ढोलीखाली सशिणी यायला लागल्या, आधी एक-एक, मग शेजारणीची सून दोघी जावांना घेऊन. टिटवीने काठावर मुलींना अक्षरं शिकवायला घेतली. नवरा म्हणाला, मुलग्यांनी काय पाप केलंय, म्हणून मुलगेही आले. म्हातारबाही यायचा. मागे बसायचा आणि चौथं अक्षर गिरवायचा. आणि पाणवठ्यावर कोणी कोणाच्या आधी पाणी प्यायचं, याची रांग मोडली ती मोडलीच, कारण वाचता येणाऱ्या मुलींनी पुरी-अपुरी कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणून विचारलं, आणि कोणाला दाखवता येईना.

खाणारी तोंडं वाढायची थांबली तशी मुळांना उसंत मिळाली. उकरलेल्या जागी सगळ्या सशांनी मिळून गवताच्या काड्या लावल्या, पहिल्या वर्षी त्यांना तोंड लावायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. माती जागच्या जागी राहायला लागली. तळ्याचं पाणी निवळलं. बोरींच्या बुंध्यांतून फुटवे आले.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी ती सातवी मुलगी आईबरोबर उतारावर चरत होती. आता ती चांगली उड्या मारण्याएवढी झाली होती. खाता खाता ती थांबली. समोर अजून पाती होती, कोवळी, लुसलुशीत.

“खा की,” आई म्हणाली.

“पोट भरलं,” ती म्हणाली आणि राहिलेलं गवत तसंच सोडून पाण्याकडे उड्या मारत गेली.

सशीण त्या उरलेल्या गवताकडे बघत राहिली. त्या टेकडीवर कोणाच्या तोंडून हे दोन शब्द तिने आजवर ऐकलेच नव्हते.

तात्पर्य : घरातल्या बाईला वाचता आलं आणि किती मुलं व्हावीत हे ठरवण्यात तिचा शब्द चालला, की आई जगते, जन्मलेलं मूल पोटभर खातं आणि सगळ्यांना पोसणारी जमीनही शाबूत राहते.