पोशीबायची उघाडी

फार जुनी गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, नि पाणखार गावात लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. धवलारीण म्हणजे लग्नात धवळे गाणारी बाई. ती आधी देवांना मांडवात आवतण द्यायची, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव राहिलं ते माणूस मांडवाबाहेर ताटकळत उभं राहतं, असं म्हणतात.

त्या गावात पोशीबाय होती. ती गायला लागली की खाडीतले बगळे मान वळवायचे, असं म्हणतात. एकदा ऐकलं की तिला पाठ, आणि त्याचीच घमेंड. जिच्याकडे ती शिकली ती म्हातारी ठकूबाय सांगून थकली की बाय, रोज थोडं म्हणत जा. पोशी हसण्यावारी न्यायची. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हातारीजवळ बसून सगळं एका बैठकीत गिळायची, दुसऱ्या दिवशी गायची, आणि नवरीची हळद उतरायच्या आत विसरून जायची. गावाला काय कळणार? गाव वाहवा करायचं.

मग नामीचं लग्न आलं. नामीची आई मथुरा, म्हणजे पोशीची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी मिठागरात बरोबरीने मीठ ओढलं होतं, एका फडक्यातली भाकरी खाल्ली होती. मथुरा तापाने गेली तेव्हा नामी रांगत होती. आता एवढ्या जवळचं नाव कुणी पाठ करतं का? पोशीनेही केलं नाही. त्यात लग्नं लागोपाठची, डोक्यात नावांचा नुसता काला झालेला.

मांडव भरला. देवांना आवतण झालं, नामीच्या आजा-पणजांना झालं. आईची पाळी आली आणि पोशीच्या तोंडून मागच्या लग्नातल्या नवरीच्या आईचं नाव गेलं. चूक तिची तिला कळली, पण खरं नाव काही येईना. तिने सूर लांबवला, पुन्हा मागून धरला, परत त्याच जागी येऊन थांबली. नवऱ्याकडची एक आत्या म्हणाली, "धवलारीण आणलीय, का वाट चुकलेली पाहुणी?" लोक हसले. तेवढ्यात नवरीने बाशिंगाखालून मान वर केली.

"मावशे, माझी आय मथुरा. तिला बोलव गो."

पोशीने लग्न कसंबसं पुरं केलं. मानाचं लुगडं घेतलं नाही. घरांच्या मागच्या अंगाने, काट्याकुट्यांतून घरी गेली. शेजारणींनी आडून आडून विचारलं, पण तिने दार उघडलं नाही. विहिरीवर जायची तीही सगळ्या बाया येऊन गेल्यावर.

शेवटी ती ठकूबायकडे गेली. म्हातारी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पोशी उंबऱ्यातच बसली, आत जायचा धीर होईना. म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं पोशीला वाटलं.

"मिठागरात राबतेस ना गो?" म्हातारी म्हणाली. "सगळी भरती एकदम आत घेतलीस तर मीठ धरतं काय? थोडं पाणी घ्यायचं, उन्हाला द्यायचं, मग दुसरं. गाण्याचं तेच. आज घेतलेलं उद्या कुणाला न विचारता म्हणून बघ. जरा पुसट व्हायला लागलं की तेव्हाच म्हण. पार पुसल्यावर मी तरी काय करू?"

मिठागराच्या बांधाला उघाडी असते, भरतीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार. कामावर जाताना पोशी रोज तिथे थांबू लागली. पहिलं नाव मथुरा. त्या नावाशी तोंड रोज भाजायचं. मग कालचं कडवं, मग नवं, तेही थोडंच. अडलं तर आठवेपर्यंत बांधावरून चालत राहायची, आणि नाहीच आठवलं तर म्हातारीकडे. कधी कंटाळा यायचा, खाडा व्हायचा, की पाठ झालेलंही निसटायचं, आणि ही पुन्हा मान खाली घालून त्या उंबऱ्यात. पावसात मिठागर बंद, तरी डोक्यावर इरलं घेऊन उघाडीशी उभी. पोरं चिडवायची, पोशीबाय खाडीला आवतण देते. ती ऐकून घ्यायची.

पुढे ठकूबाय गेली. मग चूक सांगणार कोण? खाडी सांगायची, असं म्हणतात. पोशी अडखळली की उघाडीतलं पाणी थांबायचं, आठवलं की वाहायला लागायचं.

वर्षं गेली. नामीच्या लेकीचं लग्न बांधाजवळच्या माळावर होतं. धवळा सुरू झाला आणि उधाण आलं. पाणी बांधाच्या काठाला लागलं, लोक पळायला उठले. पोशी उठली नाही. तिने सगळ्यांत आधी मथुरेला आवतण दिलं, मग गावातल्या घरोघरच्या गेलेल्यांना. दुपारची दिवेलागण झाली, एक नाव चुकलं नाही. आणि तोवर पाणी बांधाशी तसंच उभं राहिलं, पाहुणे मांडवाच्या दाराशी उभे राहतात तसं, असं म्हणतात. शेवटचं नाव झालं नि ओहोटी लागली.

नामी लुगडं घेऊन आली. म्हणाली, "मावशे, आता तरी वर बघ." पोशीने लुगडं घेतलं. वर मात्र बघितलं नाही.

आता मिठागर उरलं नाही, उघाडी सिमेंटची झाली. तरी शाळेत जाणारी पोरं तिथे थांबतात. दप्तर बंद ठेवून आधी मथुरेचं नाव घेतात, मग कालचा पाढा, कालची कविता. अडलं त्याने बांधावरून आठवेपर्यंत चालायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही. मथुरा कोण, ते त्यांना ठाऊक नसतं. पोशीबाय म्हणायची म्हणून म्हणायचं, एवढंच सांगतात.

आणि लग्नात नवरीची आई हयात नसेल, तर धवलारीण त्या जागी गाणं थांबवते. आईचं नाव नवरीने घ्यायचं. ती ते घेईपर्यंत धवलारीण मान खाली घालून बसते, पोशीबायच्या नावाने.