धूम्रकर्णाच्या भांडारातली वीणा

एका राज्यात तट नव्हता, खंदक नव्हता. तिथली सीमा एका गाण्यावर उभी होती. दर वसंतात पाच वृद्ध गायक राजसभेत ते पुरातन गान गात, आणि उत्तरेचं चालतं अरण्य वर्षभर आपल्या जागी थांबून राही. कंठ पाच, साथीला वीणा एक. बावीस वर्षं ती साथ कुवलया करीत होती. तिची गुरु पयोष्णी एके दिवशी आसन सोडून नाहीशी झाली, तेव्हा कुवलया अठरा वर्षांची होती. पयोष्णी पळून गेली, असं लोक म्हणाले. कुवलयेनं त्यानंतर तिचं नाव कधी घेतलं नाही.

त्या वर्षी एका अनोळखी व्यापाऱ्यानं राजा अरिंजयाला सोन्याची वीणा नजर केली. राजा हरखून गेला.

"कुवलये, आजची साथ हिच्यावर."

कुवलयेनं एक तार छेडली. नाद घुमला, खांबांवर आदळला, किती वेळ विरेचना. "महाराज, ही एकटीनं वाजणारी वीणा आहे. हिच्यापुढं गाणाऱ्याचे शब्द बुडतील."

"आमची आज्ञा आहे."

आज्ञेपुढं इलाज नव्हता. तिनं वाजवायला घेतलं, पाचही मुखं उघडली, आणि सभेत नुसती वीणाच ऐकू आली. आवाज बसला नव्हता, चिरकला नव्हता, आवाज नव्हताच. सर्वांत वडील गायक देवरात गळ्यावरून हात फिरवीत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. सोन्याच्या भोपळ्यात काहीतरी थरथरलं आणि निमालं.

"हे तू केलंस?" राजानं विचारलं.

"बोटं माझी होती, महाराज. करणी माझी नव्हे."

एवढ्यात उत्तरेचा जासूद धावत आला. "अरण्य निघालं, महाराज! तीन गावं झाडांत गेली. माणसं वाचली, पण घराघरातून साग उगवलेत. सातव्या दिवशी ते राजधानीत शिरेल."

सभेच्या कमानीवर एक नीळकंठ पक्षी बसला होता. तो म्हणाला, "तो व्यापारी म्हणजे धूम्रकर्ण मायावी. आवाज त्यानंच नेले. तीन दिवसांच्या वाटेवर त्याची गुहा आहे. तिथं शंभर वीणा आहेत, त्यांतली एकच या गाण्याच्या साथीची. ती निवडलीस तर आवाज सुटतील. भलत्या वीणेला हात लागला, तर तू एकशेएकावी वीणा होशील."

कुवलया त्याच पावली निघाली. पक्षी पुढं, ती मागं.

चौथ्या दिवशी सकाळी ती गुहेशी पोचली. धूम्रकर्ण दारात उभा होता. अंग धुराचं, कान सुपाएवढे. त्यानं तिला पाणी दिलं, बसायला आसन दिलं, आणि म्हणाला, "साथ करणारं माणूस आलं की मला आनंद होतो. तीन कामं आहेत. पहिलं, या शंभरांतून तुझ्या गायकांच्या सुरातल्या वीणा निवड. हात लावायचा नाही."

भिंतींवर वीणाच वीणा टांगल्या होत्या. हस्तिदंताच्या, चंदनाच्या, रत्नं जडवलेल्या. कुवलया डोळे भरून पाहत राहिली, आणि मग तिनं पाहणं सोडून दिलं. दाराशी सावर फुटली होती. तिनं ओंजळभर कापूस उचलला आणि फुंकरीनं सगळ्या वीणांच्या तारांवर उडवला. मग देवरात ज्या सुरात गात, तो सूर तिनं हलकेच गुणगुणला. सुरात सूर मिळाला की न छेडलेली तारही कापते. बारा वीणांवरचा कापूस थरथरून खाली पडला. बाकीच्या वीणा ढिम्म राहिल्या.

"बारा," ती म्हणाली.

"दुसरं काम. या बारांतून तीन."

ते सोपं होतं. तिनं गाण्याची एक ओळ म्हटली. नऊ वीणांचा झंकार मागं रेंगाळत राहिला, एका शब्दावर दुसरा शब्द चढला. तीन वीणांचा नाद मात्र शब्दाला वाट देऊन वेळेवर विरला.

"तिन्हींतली एक उचल, आणि माझ्या गाण्याला साथ कर. हे तिसरं काम. साथ तुटली तर तू माझी."

कुवलयेनं पुन्हा ओळ धरली आणि मध्येच, जिथं देवरात श्वास घेत, तिथं थांबली. दोन वीणा पुढं झंकारत राहिल्या. तिसरी तिच्याबरोबर थांबली. साधी, फणसाच्या लाकडाची, कडेला टवका उडालेली. हिला ऐकता येतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ती उचलून उराशी घेतली.

"कुवलये," वीणा म्हणाली, "फार उशीर केलास गं."

तिच्या हातून वीणा सुटता सुटता राहिली. तो आवाज ती विसरली नव्हती. "माई?"

"मीच. या सगळ्या साथीला बसणाऱ्याच आहेत. यानं एकेकीला आपल्या गाण्याच्या साथीसाठी भुलवून आणलं. कोणी पळून गेलं नाही."

कुवलयेचे अश्रू तारांवर पडले. बावीस वर्षं ती जिच्यावर रुसली होती, ती बावीस वर्षं या भिंतीवर टांगलेली होती.

"रड नंतर," पयोष्णी म्हणाली. "तो गाऊ लागला की जे ऐकशील त्यानं थांबू नकोस. मी थांबले होते."

धूम्रकर्णानं तोंड उघडलं. त्या एका तोंडातून पाच आवाज आले! देवरातांचा खर्ज, बाकी चौघांचे ओळखीचे सूर, सगळे त्याच्या धुराच्या छातीत कोंबलेले. ते पुरातन गान तो गात होता. पण कुवलयेची बोटं थांबली नाहीत.

तो धापा टाकीत, आपल्या मनास येईल तिथं श्वास घेत गात होता. कुवलयेनं त्याचा श्वास सोडून दिला. पाच म्हातारी माणसं जिथं दमत, जिथं एकमेकांना सावरीत, तिथं तिथं ती जागा सोडू लागली. तिनं जिथं जागा सोडली, तिथं आवाज थबकले. तिनं जिथं हात दिला, तिथं उठले. चौथ्या कडव्याला ते सर्वस्वी तिच्यामागून चालू लागले. मायाव्याला गायचं होतं, आवाज थांबत होते. त्याला थांबायचं होतं, आवाज गात होते. त्याची छाती फुटली. पाच आवाज पाकोळ्यांसारखे गुहेबाहेर उडाले. तो ओरडायला गेला, पण त्याला स्वतःचा आवाज कधी नव्हताच. धूर विरला. जमिनीवर दोन कान तेवढे उरले. तेही वाऱ्यानं नेले.

भिंतींवरून नव्याण्णव माणसं खाली उतरली, आणि कुवलयेच्या हातातल्या वीणेतून पयोष्णी उभी राहिली, प्रत्येकाच्या हाती आपापली वीणा.

पयोष्णी पुढं आली आणि कुवलया एक पाऊल मागं सरली. माईच्या केसांत एक पांढरा केस नव्हता. ती तेहतीस वर्षांची होती, जशी गेली तशीच. कुवलया चाळिशीची होती. शिष्येनं वाकून नमस्कार केला, तर गुरूनं तिच्या पिकल्या केसांवरून हात फिरवला.

सातव्या दिवशी त्या राजधानीत पोचल्या. सोन्याची वीणा फुटून पडली होती, गायकांचे आवाज परतले होते, पण सभेच्या फरशा मुळांनी उचलल्या होत्या आणि खिडकीतून फांद्या आत येत होत्या. पयोष्णीला पाहून देवरात भिंतीला टेकले.

राजा सिंहासनावरून खाली आला. "चूक आमची होती, कुवलये. साथीला आता कोण बसणार?"

पयोष्णीनं आपली फणसाची वीणा कुवलयेच्या मांडीवर ठेवली. "हिनं निवडली, हीच वाजवील. मी हे गाणं वाजवलं पुष्कळ. समोर बसून कधी ऐकलं नाही."

गाणं झालं. फांद्या खिडकीतून मागं सरल्या, मुळं फरशीखालून निघाली, आणि सूर्य मावळायच्या आत अरण्य आपल्या सीमेवर जाऊन उभं राहिलं. गावकरी घरी परतले. पयोष्णी डोळे मिटून बसली होती. गालांवरचं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही.

पुढं त्या राज्यात साथीची वीणा निवडायला कोणी आलं, की लोक त्याला दोघींच्या घरी धाडीत. आलेला माणूस दारात गोंधळून विचारी, "तुमच्यातल्या गुरु कोण?" आणि दोघी एकदमच एकमेकींकडे बोट दाखवीत.