तारेचं घरटं

नदीवर सरकारने नुकतंच धरण बांधलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसांबरोबर कावळेही माळावरच्या नव्या वस्तीत आले. धरणावरची वीज वस्तीच्या डोक्यावरून थेट शहराला जाई. खाली पंप नाही, पीक नाही, मग कावळ्यांना दाणा कुठला?

"वीज खात्याच्या साहेबांनी वस्तीला वीज द्यायचा शब्द दिलाय, पोरी. धीर धर," म्हातारा कावळा डोमआबा म्हणाला.

"तुमच्या धीराने पोट भरत नाही, आबा. साहेबांना इथं आणतेच!" असं म्हणून तरुण काजळीने तारांचे तुकडे गोळा केले आणि विजेच्या मनोऱ्यावर घरटं बांधलं. त्या तुकड्यांनी शॉर्टसर्किट झालं आणि शहर अंधारात बुडालं. वायरमनने घरटं काढलं. तिने पुन्हा बांधलं.

तिसऱ्यांदा साहेब स्वतः आले. "झाड सोडून ही इथंच का बांधते?"

"झाड आहे कुठं, साहेब? पाणी चढवायला वीजच नाही," वायरमन म्हणाला.

साहेबांनी पहिल्यांदाच तारांखालच्या वस्तीकडे पाहिलं.

महिन्याभरात पंप सुरू झाला. "बघ, पाळला की नाही शब्द?" आबा ऐटीत म्हणाला.

काजळीला वाद घालायला वेळ नव्हता. पलीकडच्या वस्तीत अजून अंधार होता. चोचीत तारेचा तुकडा धरून ती तिकडे निघाली.