पाळण्याची फळी

लाकडं अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. धाकू नाखव्याच्या मुलाची होडी वादळात फुटली आणि मुलगा बुडाला. किनाऱ्याला लागलेल्या फळ्या गोळा करून धाकू नातवासाठी पाळणा करायला बसला.

करवत टेकताच एक फळी म्हणाली, "नाखवा, मला चुलीत घाल. याच्या बापाला मी तारू शकले नाही. आता याला कुठल्या तोंडाने जोजवू?"

धाकूने करवत खाली ठेवली. "तो सापडला तेव्हा तुलाच धरून होता," तो म्हणाला. "तू त्याला घरी आणलंस."

मग त्याने बाकीच्या फळ्या रंधा मारून गुळगुळीत केल्या. या फळीवर मुलाच्या नखांच्या खुणा होत्या. त्या त्याने तशाच ठेवल्या आणि ती बाजू आत घेतली, बाळाचा हात पोचेल अशी.