चार खोल्यांतलं जेवण

एकदा एक म्हातारा बँडमास्तर होता. जन्मभर वरातीपुढे क्लॅरिनेट फुंकलेला, तोंडाने फटकळ. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका पोराने पुढे तीन मित्रांना घेऊन रॉक बँड काढला. पाठीशी कुठली कंपनी नाही, सगळं आपल्या हिमतीवर. वर्षानुवर्षं खपून त्यांचा पहिला आल्बम पुरा झाला, आणि शिष्य तो गुरूला ऐकवायला आला.

म्हाताऱ्याने सगळी गाणी डोळे मिटून ऐकली. मग विचारलं, "ह्यातलं एकत्र बसून किती वाजवलंत रे?"

"काहीच नाही, मास्तर. ज्याने त्याने आपापल्या दिवशी येऊन वाजवलं, मी नंतर जुळवलं. चूक राहत नाही. शिवाय रणधीरची कटकट टळते. ड्रमवर बसला की लय पळवतो तो. मग भांडणं."

म्हातारा एवढंच म्हणाला, "रविवारी चौघं जेवायला या."

रविवारी म्हाताऱ्याने चार ताटं चार खोल्यांत वाढली आणि दारं लोटून घेतली. रणधीरला बाहेरच्या खोलीत बसवलं. मटण तेच, रस्सा तोच. बोलायला समोर कुणी नाही.

शिष्य वैतागून बाहेर आला. "मास्तर, ही काय तऱ्हा? कोंडून घातल्यासारखं जेवायचं?"

"तुझी गाणी मी अशीच ऐकली. मीठ कमी नाही, काही करपलं नाही, पण पंगत कुठाय? माझा ढोलवालाही लय पळवायचा. मी त्याला शिव्या घालायचो आणि त्याच्यामागे पळायचो. लोक नाचायचे ते त्या पळापळीवर. तू चूक पुसायला गेलास, बाबा, त्यात गडीच पुसला."

 शिष्य रणधीरला आत आणायला गेला. ताट अर्धं होतं, माणूस नव्हता. त्याने फोन लावला.

"मला वाटलं, मास्तरांनाही तू सांगितलंयस," रणधीर म्हणाला.

"काय सांगितलंय?"

"ह्याला वेगळा बसवा म्हणून. असू दे रे. आल्बम चांगला झालाय. मी आता दुसरीकडे वाजवतो."

शिष्याने फोन ठेवला. म्हाताऱ्याने ते अर्धं ताट उचललं. म्हणाला, "धडा तुला द्यायचा होता. घास त्याचा राहिला."

ज्याच्याशी जमत नाही, त्याच्यासमोर बसूनच वाजवावं. नंतर जुळवू म्हणाल, तर तो असेलच असं नाही.