चाहत्यांची बैठक

निंबखेडच्या रेडिओवर रोज संध्याकाळी फर्माईशीचा कार्यक्रम लागे आणि पहिला नंबर कायम केंद्रप्रमुख इनामते साहेबांनी स्वतः गायलेल्या गाण्याचा. एकदा निवेदिकेने फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली आणि बाजारपेठ गार पडली. गोविंदा तांबट, राधाक्का, बाबू न्हावी... सगळी गावातलीच माणसं, पण सगळी मेलेली! लोकांनी भराभर दारं लावून घेतली. मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, असा साहेबांचा हिशेब असावा.

गोविंदा तांबटाची बायको सुभद्राकाकू मात्र दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधीच तडक केंद्रावर गेली.

"साहेब, ती नावं खरीच ना?"

"अगदी खरी! माझे चाहते आहेत ते, काकू."

"आणि त्यांना तुम्हाला समोर बसून ऐकायचं असलं तर?"

"चाहते असतील तिथे जाऊन गाईन!" साहेबांनी छाती फुगवली.

"मग चला," काकू शांतपणे म्हणाली. "आमचे मालक आणि बाकीचे सगळे स्मशानात आहेत. सतरंजी मी अंथरूनच आलेय."

साहेब पांढरेफटक पडले. बाहेर दिवस बुडत होता. त्या संध्याकाळी ते गाणं काही लागलं नाही.

सकाळी काकू सतरंजी गुंडाळायला गेली, तर सतरंजीवर एक सुरकुतीसुद्धा नव्हती. मेलेलेही ऐकायला आले नव्हते.